तळमजल्यावरची खोली

ता. ६ जानेवारी

चि. धाकटीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. तुमची इमारत पाडायचे ठरले असून वर्षअखेरीपर्यंत सर्वांनी जागा सोडायच्या आहेत, हे मालकाने जिन्यात कागद चिकटवून कळवले, हे वाचून वाईट वाटले. कळवण्याची रीत अधिक वाईट वाटली. चाळीस वर्षे राहिलेल्या माणसाला निदान दार ठोठावून सांगावे. असो. जो निर्णय आपल्या हाती नाही, त्यावर शाई खर्चू नये.

जो आपल्या हाती आहे, तो सोबत घडी घालून पाठवला आहे. चिरंजीवाने नव्या घराचा पहिला आराखडा काढला. तो आठवडाभर कचेरीत परक्यांची घरे आखतो, त्यामुळे स्वतःच्या घराच्या वाट्याला फक्त रविवार आले. रेषा मात्र स्वच्छ आहेत. रुंदी तीस फूट, लांबी पंचेचाळीस. तळमजल्यावर बैठकीची खोली, स्वयंपाकघर, न्हाणीघर, जिना, आणि न्हाणीघराला लागून एक खोली, दहा फूट बाय बारा. वरच्या मजल्यावर तीन खोल्या: एक मुलगा-सुनेची, एक नातीची आणि एक माझी. खालच्या खोलीत मी 'धाकटी' असे लिहिले आहे. पेन्सिलीने लिहिले आहे, कारण अजून बैठक झालेली नाही.

या खोलीला दुसराही एक दावेदार आहे. सूनबाई रुग्णांना हाडा-स्नायूंचे व्यायाम शिकवते, हे तुला ठाऊक आहेच. तिच्या रुग्णांसाठी घरात एखादी खोली असावी, असे चिरंजीव मध्यंतरी बोलला होता. दावेदार दोन आणि खोली एक, अशा वेळी आपल्या घरात काय करतात ते तुला सांगायला नको. तरी लिहितो, कारण लिहिलेले नियमच पाळले जातात. ज्याला जे हवे, त्याने त्याच्याविरुद्ध बोलायचे. त्याची बाजू दुसऱ्याने मांडायची. स्वतःची इच्छा बैठकीत उच्चारायची नाही. मग अध्यक्षाने दोन्ही बाजू तोलून निर्णय द्यायचा. बाबा म्हणत, की ज्याला आपल्याविरुद्ध बोलता येत नाही, त्याला आपले म्हणणेही कळलेले नसते. आई कधी बैठकीला बसली नाही, ही गोष्ट वेगळी. तिच्या मते ही सगळी रिकामटेकड्यांची कामे होती.

तेव्हा तुझे म्हणणे लेखी पाठव. घाई नाही, पण जोत्याचे काम मार्चमध्ये सुरू होईल.

प्रकृतीस जप. माझ्याविषयीची माया आहे तितकीच ठेव. वाढवलीस तर हरकत नाही.

तुझा,
दादा


ता. १४ जानेवारी

ती. दादास सा. न. वि. वि.

पत्र आणि नकाशा, दोन्ही मिळालं. नकाशा टेबलावर पसरला, चारी कोपऱ्यांवर वाट्या ठेवल्या आणि चष्मा पुसून आधी माझं नाव शोधलं. चौसष्ट वर्षांच्या बाईला घराच्या नकाशावर 'धाकटी' म्हणणारा तू जगात एकटाच असशील. दारावरही तीच पाटी लावणार असलास तर आधी सांग, म्हणजे मी दोन वेण्या घालून येईन.

चिरंजीवाला म्हणावं, रेषा सुरेख आहेत, पण तो माणसं विसरलाय. मी तीस वर्षं पोरींना शिवण शिकवलं. पहिला धडा हाच असायचा, की माप अंगाचं घ्या, पण कापड हात वर करता येईल असं बेता. याने भिंती अंगाबरोबर बेतल्यात. न्हाणीघराचं दार आत उघडतंय; आत कुणी घसरून पडलं तर दार त्याच्याच अंगावर अडेल आणि आपण बाहेरून नुसत्या हाका मारू. ते बाहेर उघडू दे. स्वयंपाकघरात ओट्यापाशी दोन बायका पाठीला पाठ लावून उभ्या राहू शकत नाहीत. तिथे दीड फूट वाढव, नाहीतर सूनबाईचं आणि माझं भांडण भिंतीमुळे होईल आणि नाव आमचं होईल.

आता खरं सांगते. जाड कागदाची एक खाट कापली, एक कपाट कापलं, शिवणयंत्र कापलं, सगळं नकाशाच्याच मापात, आणि तीन दिवस ती तुझ्या खोलीत सरकवत बसले. आधी खाट खिडकीखाली लावली. मग हलवली, कारण खिडकी यंत्राला हवी. उजेड डाव्या खांद्यावरून यायला हवा. शेवटी सगळं बसलं, वर दाराशी एका खुर्चीपुरती जागाही उरली. ती तुझी. सकाळी वर्तमानपत्र घेऊन खाली आलास की तिथे बसायचं आणि मोठ्याने वाचून मला कंटाळा आणायचा.

पुरे. नियम मोडतेय. आता उभी राहते आणि धाकटीच्या विरुद्ध बोलते.

एक. तळमजल्यावर ही एकच खोली आहे. सूनबाईकडे येणार ती माणसं पायऱ्या चढता येत नाहीत म्हणूनच येणार. त्यांना वरच्या मजल्यावर बोलावणं म्हणजे पोहता न येणाऱ्याला विहिरीच्या तळाशी शिकवणी ठेवण्यासारखं आहे.

दोन. धाकटी बेचाळीस पायऱ्या चाळीस वर्षं चढली-उतरली. तिचे गुडघे कुरकुरतात, पण काम करतात. कुरकुरतं ते सगळंच निकामी धरायचं, तर दादाला नोकरीत पहिल्या वर्षीच निवृत्त करावं लागलं असतं.

तीन. सूनबाईचं काम चालू आहे, धाकटीचं संपलं. चालत्या हातांना जागा आधी.

चार. घरातल्या चार माणसांची घडी बसलेली आहे. पाचवं आलं की घडी उलगडून पुन्हा घालावी लागते, आणि इस्त्री मोडते ती मोडतेच.

पाच. वीस वर्षं एकट्या राहिलेल्या बाईला स्वतःच्या वेळा असतात आणि हट्टही. ही पहाटे यंत्र चालवते. नकाशात भिंत नऊ इंचांची दाखवली आहे; पुरणार नाही.

सहा. दादा तिला कर्तव्य म्हणून बोलावतोय की त्याला ती हवी आहे म्हणून, हे नकाशावरून कळत नाही. कर्तव्य म्हणून दिलेल्या खोलीचं दार कितीही रुंद ठेवलं, तरी आत शिरताना खांदे आवळून घ्यावे लागतात.

झालं माझं बोलून. आता तुझी पाळी. वाट पाहते.

नातीला पापा. सगळ्यांवर नीट लक्ष ठेव आणि माझ्यावर थोडं कमी ठेव, पण ठेव.

तुझी,
धाकटी


ता. ४ फेब्रुवारी

चि. धाकटीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे निवेदन तीनदा वाचले. बत्तीस वर्षे मी विधी महाविद्यालयात तर्क शिकवला. इतक्या नेटक्या मांडणीचे उत्तर माझ्या विद्यार्थ्यांपैकी फार थोड्यांनी लिहिले असेल. बाबा असते तर त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला असता. ती त्यांची शाबासकी होती, हे तुला आठवत असेल.

बाबांच्या पश्चात अध्यक्षपद वयाने माझ्याकडे आले आहे. त्या नात्याने मुद्दे तोलले ते असे. पहिला मुद्दा निर्णायक असून त्याला उत्तर नाही. दुसरा त्याला पूरक आहे. तिसऱ्यातील विधान कठोर वाटले तरी क्रम बरोबर आहे. चौथा आणि पाचवा व्यवहारास धरून आहेत. सहावा मुद्दा भावनेचा असल्याने विचारात घेतला नाही. कागदी खाट-कपाटाचा मजकूर बैठक सुरू होण्यापूर्वीचा आहे, म्हणून तोही बाजूला ठेवला. दोन दिवस मी तुझ्या मांडणीत भोक शोधत होतो. सापडले नाही, हे कबूल करतो.

म्हणून निर्णय असा, की तळमजल्यावरची खोली रुग्णांसाठी राहील. तिला रस्त्याच्या बाजूने स्वतंत्र दार काढावे, असे चिरंजीवाला सांगितले. न्हाणीघराचे दार आणि स्वयंपाकघराचा दीड फूट, या तुझ्या दोन्ही सूचना त्याने मान्य केल्या आहेत.

तुझ्या राहण्याची व्यवस्था हा आता स्वतंत्र विषय झाला. तो आपण पुढे घेऊ. त्याविषयी तुझ्या मनात काय आहे, ते कळव.

थंडीत पाय शेकत जा. तुझ्या बुद्धीचा मला अभिमान आहे; तुझ्या लोभाचा आधार आहे. दोन्ही असू देत.

तुझा,
दादा


ता. १५ फेब्रुवारी

ती. दादास सा. न. वि. वि.

निकाल पोचला. मी माझ्याविरुद्ध खटला जिंकले, असं शेजारणीला सांगितलं. तिला वाटलं मालकाविरुद्ध जिंकले, तिने साखर वाटली. मीही खाल्ली.

माझ्या व्यवस्थेचा विषय पुढे घ्यायची गरज नाही. आमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या बाई तुला आठवतील, उंच, मोठ्याने हसणाऱ्या. निवृत्तीनंतर त्या दुसऱ्या गावी राहायला गेल्या, इथून बसने पाच तासांवर. दोन खोल्या आहेत, एकट्याच असतात. इमारतीचं कळल्यापासून त्यांची तीन पत्रं आली, ये म्हणून. मी होय कळवून टाकलं. एप्रिलमध्ये जाईन. यंत्र टेम्पोतून जाईल आणि मी बसमधून. उलट केलं तर बरं होईल, असं बाईंचं म्हणणं, कारण यंत्र वाटेत कमी बोलतं.

तू काळजी करू नकोस. जोतं नीट भरून घे, गवंड्याच्या मागे उभा राहा, पण त्याला तर्क शिकवू नकोस. भिंत वाकडी येईल.

सगळे सुखात राहा, आणि अधूनमधून आठवण काढायला विसरू नका.

तुझी,
धाकटी


ता. २ मार्च

चि. धाकटीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र आले त्याला दहा दिवस झाले. उत्तराला उशीर झाला, कारण काय लिहावे ते ठरत नव्हते, आणि हा अनुभव मला नवीन आहे.

वर गच्चीलगत एक लहान खोली वाढवता येईल का, हे चिरंजीवाला विचारावे असे मनात होते. विचारण्याआधीच तुझे ठरले. परक्या गावी मैत्रिणीकडे राहणे तुला घरापेक्षा अधिक रुचेल, ही शक्यता मी धरली नव्हती. माणूस जे निवडतो ते त्याला हवे असते, असेच मानून चालावे लागते. मी तसे मानतो. तक्रार नाही.

जोत्याचे काम सुरू झाले. पत्ता कळव.

दादा


ता. १९ जून

ती. आत्यांना सा. न. वि. वि.

मी तुम्हाला कधी वेगळं पत्र लिहिलं नाही. घरच्या पत्राखाली 'माझाही नमस्कार' एवढंच लिहीत आले. आज मात्र कुणाला न विचारता लिहिते आहे.

घराच्या वरच्या मजल्याचं छत गेल्या आठवड्यात घालून झालं. परवा आम्ही सगळे बघायला गेलो होतो. गवंड्याने मला बोलावलं आणि विचारलं, बाई, तुमच्या दवाखान्याचं बाहेरचं दार आत उघडू की बाहेर? मी म्हटलं, कुठला दवाखाना? त्याने तळमजल्यावरची खोली दाखवली.

आत्या, ती खोली मी कधीही मागितली नव्हती. इस्पितळासमोर मी आणि माझ्या एका मैत्रिणीने दोन वर्षांपूर्वीच जागा घेतली आहे, तिथे आमचं छान चाललंय. घरात मला रुग्ण नकोच आहेत. दिवसभर लोकांचं कण्हणं ऐकून घरी आल्यावर पुन्हा भिंतीपलीकडून तेच ऐकायचं, आणि शेजारी मुलगी अभ्यास करणार, हे मला चालणारच नाही. तुमच्या भाच्याला विचारलं, तर तो म्हणाला की तीन वर्षांपूर्वी तो असाच काहीतरी सहज बोलला होता, आणि बाबांनी, म्हणजे तुमच्या दादांनी, ते लक्षात ठेवलं. बाबांना विचारलं, तर ते म्हणाले की माझा आक्षेप नोंदवलेला नव्हता. खरंच नव्हता. मला कुणी काही विचारलंच नव्हतं. पेन्सिलीने लिहिलेलं तुमचं नाव मी जानेवारीत पाहिलं होतं. मला वाटलं, तुम्ही येणार हे पक्कं आहे. मग तुम्ही मैत्रिणीकडे गेलात, तेव्हा वाटलं, तुम्हालाच आमच्या गर्दीत नको असेल.

माझी उलटतपासणी नाही ही. एकच विचारते आणि तुम्ही सरळ उत्तर द्याल म्हणून विचारते. तुम्हाला यायचं होतं का?

राग असेल तर माझ्यावर काढा, पण माया तोडू नका.

तुमची,
सूनबाई


ता. १ जुलै

चि. सौ. सूनबाईस अनेक आशीर्वाद.

हो. यायचं होतं.

तू एका ओळीत विचारलंस म्हणून एका ओळीत लिहिलं. आता बाकीचं सांगते, कारण तुला या घरात राहायचंय आणि या घराची रीत तुला कुणी समजावली नसेल.

मी माझ्याविरुद्ध बोलले, कारण ते माझं काम होतं. माझ्या बाजूने बोलणं दादाचं काम होतं. तिघं बसायचो तेव्हा बाबा अध्यक्ष असत, आणि आम्ही दोघं एकमेकांच्या बाजू घेत असू. आता उरलो दोघं. दादाने अध्यक्षाची जागा घेतली, आणि माझ्या बाजूने बोलायला कुणी उरलंच नाही. ते त्याच्या लक्षात आलं नाही. मी एकवीस दिवस पोस्टमनची वाट पाहिली. दुपारी दीड वाजता तो कोपऱ्यावर दिसायचा. मला वाटायचं, दादा मोठं उत्तर लिहीत असेल, म्हणून वेळ लागतोय. सहा मुद्दे घालताना मी मनातल्या मनात त्याची उत्तरंही रचून ठेवली होती. पाचवा तर मुद्दाम कच्चा ठेवला होता, त्याला सोपं जावं म्हणून. भिंत जाड करता येते, एवढंच म्हणायचं होतं त्याने. आणि सहाव्याचं उत्तर फक्त त्याच्याकडेच होतं. मग निकाल आला.

तू म्हणशील, सरळ लिहायचं होतं, मला यायचंय म्हणून. खरं आहे. तुझ्या आजेसासूबाई तसंच म्हणायच्या. पण लहानपणापासून सवय अशी लागली, की आपली इच्छा आपण बोलायची नाही, ती दुसऱ्याने ओळखून मांडायची. तिथेच तर कळायचं, कोण आपल्याला किती ओळखतो ते.

आणि हे पहिल्यांदा झालं नाही. अठराव्या वर्षी मला दुसऱ्या शहरातल्या कलाशाळेत प्रवेश मिळाला होता. कापडावरची नक्षी शिकवत तिथे. जायचं की नाही, याची बैठक झाली. मी माझ्याविरुद्ध अर्धा तास बोलले, आईचं दुखणं, बाबांची नोकरी, सगळं. दादाने माझी बाजू मांडायची होती. दुसऱ्या दिवशी त्याची परीक्षा होती. तो दहा मिनिटं बोलला आणि घड्याळाकडे बघून बसला. बाबांनी निकाल दिला, धाकटी जाणार नाही. दादा उत्तीर्ण झाला, पहिला आला. मी राहिले. त्याला हे आठवतही नसेल. त्याने काही वाईट केलं नव्हतं, नुसतं थोडक्यात आटपलं होतं.

हे पत्र त्याला दाखवायचं की नाही ते तू ठरव. मी आता कुणाच्याच बाजूने बोलत नाही.

तुझ्यावर राग कशाचा? उलट, इतक्या वर्षांत मला थेट विचारणारी तू पहिली. सुखी राहा, आणि लेकीला हवं ते मागायला शिकव.

तुझी,
आत्या


ता. १२ जुलै

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

सूनबाईने तुझे पत्र माझ्या टेबलावर ठेवले आणि ती कामावर निघून गेली. मी ते सकाळी वाचले, दुपारी वाचले, आणि आज सहाव्या दिवशी उत्तर लिहीत आहे.

तुझे म्हणणे बरोबर आहे. दोन माणसांच्या बैठकीत जो अध्यक्ष होतो, त्याने समोरच्याचा वकील हिरावून घेतलेला असतो. हे मला दिसायला हवे होते. बत्तीस वर्षे मी मुलांना शिकवले, की ज्या बाजूने कुणी बोलले नाही ती हरली असे समजू नये, ती ऐकली गेली नाही असे समजावे. परीक्षेत हा प्रश्न मी दर दोन वर्षांनी घालत असे.

कलाशाळेचे मला आठवते. आठवत नाही असे तू समजलीस, ते माझ्यावर उपकार म्हणून. मी दहा मिनिटे बोललो, आणि आणखी वीस मिनिटांचे मुद्दे माझ्याजवळ होते. तू गेलीस तर आईचे दुखणे माझ्याकडे येईल, हे मला कळत होते. म्हणून घड्याळ पाहिले. परीक्षेचे कारण खरे होते, पण ते मुख्य नव्हते. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नाही. तुझी वहिनी होती तोवर तिलाही नाही.

आता जे फेब्रुवारीत करायचे होते, ते करतो. धाकटीच्या बाजूने बोलतो.

पहिला मुद्दा गळून पडला आहे, कारण दुसऱ्या दावेदाराने दावा केलेलाच नव्हता. मी न विचारता तो गृहीत धरला. दुसऱ्याविषयी एवढेच, की जी बेचाळीस पायऱ्या चाळीस वर्षे चढली, तिने आता एकही चढू नये. श्रम सोसल्याने श्रमांचा हक्क जडत नाही. तिसरा मुद्दा असत्य आहे, कारण जी अजून पहाटे यंत्रावर बसते तिचे काम संपलेले नाही. चौथ्याविषयी: आमची चौघांची घडी बसलेली आहे, हे तुला कुणी सांगितले? जेवताना तिघे बोलतात आणि मी दुरुस्त्या सुचवतो. घरातले त्याला घडी म्हणत नाहीत. पाचव्याचे उत्तर तू दिलेच आहेस. भिंत जाड करता येते.

सहावा मी भावनेचा म्हणून वगळला होता. तो एकच मुद्दा मला उद्देशून होता, आणि उत्तर येत नव्हते म्हणून मी त्याला अपात्र ठरवले. आज देतो. तुला बोलावणे हे कर्तव्य नव्हते. आराखडा हातात आला, तेव्हा चिरंजीवाने कुठल्या खोलीत काय, हे सांगायच्या आधीच मी पेन्सिल घेऊन तुझे नाव लिहिले होते. माझे स्वतःचे नंतर लिहिले. तू दाराशी माझ्यासाठी खुर्ची ठेवल्याचे वाचले, त्या दिवशी मी पत्र खिशात घालून फिरायला गेलो आणि रोजच्या वाटेने दोनदा फिरलो. परत येऊन तो मजकूर बाजूला ठेवला. धाकटे, मला तू हवी होतीस.

रस्त्याकडचे दार अजून बुजवता येते. गवंड्याशी बोललो आहे, तो हो म्हणाला. खोली ऑक्टोबरपर्यंत तयार होईल. ये.

तुझ्या लोभावर माझा हक्क उरला आहे का, ते आता तूच ठरव.

तुझा,
दादा


ता. २६ जुलै

ती. दादास सा. न. वि. वि.

तुझं पत्र चित्रकलेच्या बाईंना मोठ्याने वाचून दाखवलं. वाचून दाखवावं लागलं, कारण मे महिन्यापासून त्यांना अक्षर लागत नाही. एका डोळ्यात आधीपासूनच काही नव्हतं, आता दुसराही मंदावलाय. डॉक्टर म्हणतात, आहे तेवढं टिकलं तरी पुष्कळ. घराचा नकाशा त्यांना बघायचा होता, म्हणून मी त्यांचं बोट धरून भिंतींवरून फिरवलं. खालच्या खोलीत आल्यावर म्हणाल्या, खिडकी कुठेय? मी दाखवली. म्हणाल्या, उजेड बरोबर बाजूने येतोय, तू जा.

माझी बाजू इतकी छान मांडलीस, की मत द्यायचं असतं तर मी डोळे मिटून तुला दिलं असतं. चौथ्या मुद्द्यावर बाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. सहावा मी दोनदा वाचला. त्यांनी विचारलं नाही का ते.

पण दादा, मी येत नाही.

रुसवा नाही हा, आणि शिक्षा तर मुळीच नाही. आज सकाळी बाईंनी चहात मीठ घातलं. डबे मीच एप्रिलमध्ये माझ्या सोयीने हलवले होते. त्यांना जुन्या जागा पाठ होत्या, नव्या मी पाठ करून घेतेय. पायऱ्या मोजायला शिकवतेय. त्यांनी मला तीन पत्रं पाठवून बोलावलं, तेव्हा त्यांना दिसत होतं. आता दिसत नाही, आणि मला चांगली खोली मिळतेय म्हणून मी निघाले, तर त्या मला जा म्हणतीलच, आजही म्हणाल्या. जा म्हणणाऱ्या माणसाचं किती ऐकायचं, ते तुला-मला आता कळायला हवं.

हे पत्र फेब्रुवारीत आलं असतं तर मी तुझ्याकडे असते. एवढं मात्र लिहिते, कारण खोटं लिहिलं तर तुला कळेल. तू मुद्दे चुकला नाहीस. पाच महिने चुकलास. आणि मीही चुकले. एका पोस्टकार्डावर 'मला यायचंय' लिहायला मला काय झालं होतं? गप्प राहून मी तुझी परीक्षा घेतली, आणि परीक्षा आहे हे तुला सांगितलं नाही. तुझ्या विद्यार्थ्यांना निदान तारीख तरी कळायची.

भिंत पाडू नकोस, दार बुजवू नकोस. आहे ते राहू दे.

कलाशाळेबद्दल लिहिलंस ते वाचलं. त्यावर आत्ता काही लिहीत नाही. पुढे कधी लिहीन.

सांभाळून राहा. माझा लोभ कुठे जात नाही, तो तुझ्याकडेच पडून आहे.

तुझी,
धाकटी


ता. ३ नोव्हेंबर

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

आम्ही गेल्या महिन्यात नव्या घरात राहायला आलो. स्वयंपाकघरातला दीड फूट सर्वांना मानवला आहे. न्हाणीघराचे दार बाहेर उघडते. नातीने वरच्या कठड्यावरून पहिल्याच दिवशी आजोबांवर पाणी सांडले. घर मानवल्याची खूण म्हणून ते मी सोडून दिले.

तळमजल्यावरच्या खोलीत कुणी राहत नाही. सूनबाईला ती नको आहे, चिरंजीवाला तिथे काय ठेवावे ते सुचत नाही. रंग झाला, दिवा बसला. शेवटचा नकाशा कचेरीत दाखल करायचा होता, तेव्हा या खोलीत काय लिहू, असे त्याने मला विचारले. स्वयंपाकघर, न्हाणीघर, जिना, सगळ्यांची नावे घालून झाली होती. मी पेन्सिल उचलली आणि परत ठेवली. त्याने 'खोली' असे लिहिले आणि सही घेतली.

तुझ्या बाईंची दृष्टी कशी आहे? पायऱ्या मोजणे जमले का? त्यांनी तीन पत्रांत 'ये' लिहिले होते, असे तू कळवले होतेस. मी जुलैत एकदाच लिहिले, आणि तेही सहा मुद्द्यांच्या नंतर.

एक विचारायचे आहे. मी तुमच्याकडे चार दिवस येऊ का? सकाळी सातला बस निघते, दुपारी बाराला पोचते. मला निजायला जमीन चालेल. वर्तमानपत्र वाचून दाखवता येईल. बाईंनाही चालेल की नाही, त्यांना विचार. मला यायचे आहे.

जमत नसेल तर 'नको' एवढेच लिही. कारणे देऊ नकोस.

तुझा,
दादा